नागपूरहून बसने मध्ययुगीन नगरांची छोटी सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी हिवाळ्यात आम्ही काही इतिहासप्रेमी मंडळी नागपूरहून दोन छोट्या सहली काढतो. पहिली चंद्रपूर-बल्लारपूरची, दोन दिवसांची. दुसरी अचलपूर, गाविलगड, बुऱ्हाणपूर आणि असीरगड अशी चार दिवसांची. नाव नोंदवण्याआधी बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘मध्ययुगीन नगर’ म्हणजे नेमके काय? नागपूर त्यात बसते का?

यादवांच्या उत्कर्षापासून साधारणपणे अठराव्या शतकापर्यंतच्या काळाला महाराष्ट्राच्या इतिहासात ढोबळमानाने मध्ययुग म्हटले जाते. त्या काळी वसलेले किंवा भरभराटीला आलेले, तटबंदी, वेशी, पेठा, तलाव, प्रार्थनास्थळे आणि राजवाडा अशी रचना असलेले, आणि ती रचना आजही पायी फिरून ओळखता येईल असे गाव, एवढाच आमचा निकष आहे. नुसता किल्ला म्हणजे नगर नव्हे; लोक आजही राहतात, बाजार आजही भरतो अशी जागा आम्हाला हवी असते.

नागपूर या काळाच्या अगदी शेवटच्या टोकाला येते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवले, त्याचा वारस चांद सुलतान याने तट आणि तलाव बांधला आणि पुढे रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी थाटली. ज्याला आपण गांधी गेट म्हणतो तो जुम्मा दरवाजा त्याच तटाचा अवशेष आहे. सहलीला निघण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी गांधी गेटपासून महालमार्गे इतवारीपर्यंत पायी जाऊन यावे, अशी आमची सर्वांना विनंती असते. ज्याने आपल्या गावची वेस कधी मान वर करून पाहिलेली नाही, त्याला परगावच्या वेशीत काय पाहायचे हे सहसा उमगत नाही.

चार दिवस हाताशी असताना मांडू, बिदर किंवा देवगिरी का नाही?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे आणि याचे उत्तर आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो आहोत. पहिल्याच वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात बुऱ्हाणपूर, असीरगड, महेश्वर आणि मांडू असे सगळे चार दिवसांत बसवले होते. तिसऱ्या दिवशी वाटेत उशीर होत गेला आणि मांडूच्या जहाज महालाशी पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. पहारेकरी कुलूप लावून चावी खिशात टाकत होता. अठ्ठावीस माणसे फाटकाच्या गजांतून अंधारातला महाल पाहत उभी होती. पहारेकऱ्याचा काहीच दोष नव्हता, वेळापत्रक आमचे होते.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. बसमध्ये गेलेले तास नगरात पायी घालवलेल्या तासांपेक्षा जास्त होत असतील, तर ते ठिकाण छोट्या सहलीत घ्यायचे नाही. मांडूला नागपूरहून जाण्यातच एक पूर्ण दिवस जातो आणि येण्यात दुसरा. बिदर हे बहमनी राजधानीचे अप्रतिम शहर आहे, महमूद गवानाचा १४७२चा मदरसा एकट्यासाठीच जावे असा आहे, पण त्याला किमान पाच-सहा दिवस हवेत. देवगिरीचे गणित मात्र समृद्धी महामार्गामुळे बदलले आहे. देवगिरी आणि खुलताबाद मिळून तीन दिवसांची वेगळी सहल काढण्याचा विचार चालू आहे. ती या सहलीला जोडा, असा आग्रह कृपया कोणी धरू नये.

चंद्रपूरला तर आम्ही ताडोब्याच्या वाटेवर नेहमीच जातो. तेथे दोन दिवस पाहण्यासारखे काय आहे?

ताडोब्याला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चंद्रपूर पाहिलेलेच नसते. त्यांनी चंद्रपूरचा रस्ता पाहिलेला असतो.

गोंड राजांची राजधानी आधी वर्धा नदीकाठी बल्लारपूरला होती. खांडक्या बल्लाळशाह याने ती चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आणली, असे परंपरा सांगते. राजाच्या अंगावर असाध्य व्रण होते, ते झरपट नदीतल्या कुंडाच्या पाण्याने बरे झाले आणि त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, अशी कथा आहे. तटाबद्दलची कथा आणखी गमतीची आहे. राजाच्या कुत्र्याचा एक ससा पाठलाग करू लागला, हे नवल पाहून राणीने ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर कोट बांधण्याचा सल्ला दिला. सशाने कुत्र्याला पळवल्याची गोष्ट अहमदाबादसह देशातल्या आणखी काही शहरांबद्दल सांगितली जाते. त्यामुळे ती खरी मानण्याची सक्ती नाही. मात्र तट खरा आहे. सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा हा परकोट अनेक राजांच्या कारकिर्दीत पुरा झाला. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अचलेश्वर आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर अशा पाच खिडक्या, म्हणजे छोट्या वाटा, त्याला आहेत. ‘मसण खिडकी’ हे नाव ऐकून मुले हसतात, पण गावाबाहेर स्मशानाकडे जायला वेगळी वाट असणे ही त्या काळच्या नगररचनेची अगदी साधी गरज होती.

आम्ही बस जटपुरा दरवाजाच्या बाहेर थांबवतो आणि आत पायीच जातो. दरवाजाच्या दोन्ही अंगांना, नजरेच्या बऱ्याच वर, हत्तीला नमवणाऱ्या सिंहासारख्या प्राण्याचे शिल्प आहे. हे गोंड राजचिन्ह आहे. रिक्षा, मोटारसायकली आणि भाजीच्या गाड्या यांच्या गर्दीत त्याच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही, म्हणून पहिली पंधरा मिनिटे आम्ही सर्वांना रस्त्याच्या कडेला केवळ वर पाहत उभे करतो. त्यानंतर तटावर चढून काही अंतर चालतो. या तटावर वर्षानुवर्षे झुडपे आणि कचरा माजला होता. गावातल्याच स्वयंसेवकांनी २०१७पासून कुदळ-फावडी घेऊन तो मोकळा केला, म्हणून आज त्यावरून चालणे शक्य झाले आहे.

दुपारनंतरचा सगळा वेळ अचलेश्वराचे देऊळ आणि त्याशेजारच्या गोंड राजांच्या समाध्यांसाठी राखलेला आहे. त्यातली सर्वांत भव्य समाधी बीरशाहाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची हत्या झाली आणि त्याची राणी हिराई हिने ती बांधवली. हिराईने पुढे राज्याचा कारभारही पाहिला. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली कबर साऱ्या जगाला ठाऊक आहे. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी नागपूरहून तीन तासांवर असून आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? १७५१मध्ये रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य ताब्यात घेतले, त्यामुळे या गोष्टीचा शेवट पुन्हा नागपुरातच येऊन थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालपेठ भागातली अखंड पाषाणातली शिल्पे पाहतो. रायप्पा नावाच्या धनिकाने मोठे शिवमंदिर बांधण्यासाठी ती घडवून घेतली आणि मंदिर होण्याआधीच तो गेला, असे सांगतात. दशमुखी देवीची सुमारे पंचवीस फुटांची प्रचंड मूर्ती तेथे जमिनीवर उताणी आहे आणि लोक तिला खुशाल ‘रावण’ म्हणतात. त्यानंतर बल्लारपूरचा नदीकाठचा किल्ला, आणि परतताना भद्रावतीला विजासन लेणी. लेणी मध्ययुगाच्या खूप आधीची आहेत, पण वाटेतच असल्यामुळे ती टाळणे बरे वाटत नाही.

चार दिवसांच्या सहलीचा क्रम कसा असतो?

पहिल्या दिवशी पहाटे नागपूर सोडून अमरावतीमार्गे दुपारपर्यंत अचलपूर आणि रात्री चिखलदऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड, दुपारी मेळघाटातून सेमाडोह, हरिसाल, धारणी या वाटेने बुऱ्हाणपूर. तिसरा दिवस पूर्णपणे बुऱ्हाणपूरचा. चौथ्या दिवशी सकाळी असीरगड आणि त्यानंतर मलकापूर, अकोला, अमरावती या मार्गाने परत. मेळघाटातला रस्ता वळणांचा आहे आणि जंगलातून जातो, म्हणून तो उजेडी पार करण्याबाबत आम्ही कोणतीही सवलत घेत नाही. गाविलगडावर कोणी रेंगाळले तर त्याला हाक मारून आणावे लागते, ते यामुळेच.

अचलपूरमध्ये पाहण्यासारखे काही उरले आहे का?

उरले आहे, पण ते शोधावे लागते, हे आधीच सांगितलेले बरे. एलिचपूर या नावाने बखरी-तवारिखांत सतत भेटणारे हे शहर एके काळी वऱ्हाडची राजधानी होते. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९०मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्क याने येथे इमादशाहीची स्थापना केली आणि १५७४मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळंकृत करीपर्यंत वऱ्हाडला स्वतःचे राज्य होते. शाळेत आपण बहमनीच्या पाच शकलांची नावे पाठ केली, त्यातले हे एक. पण ते आपल्या घरापासून दोनशे किलोमीटरवर होते, हे कोणत्याही बाईंनी सांगितल्याचे स्मरत नाही.

आजचे अचलपूर जुन्या वेशी, दर्गे, कोसळत चाललेले वाडे आणि अरुंद गल्ल्या यांनी भरलेले आहे. शेजारचे परतवाडा ही इंग्रजांच्या छावणीतून वाढलेली वस्ती, त्यामुळे तेथले सरळ रस्ते आणि अचलपूरच्या वाकड्या गल्ल्या यांतला फरक बसच्या खिडकीतूनही कळतो. गावाबाहेर हौज कटोरा नावाची अष्टकोनी, मजल्यांची इमारत कोरड्या पडलेल्या तलावाच्या मधोमध उभी आहे. तेथे पायऱ्या, फलक, चहाची टपरी यांपैकी काहीही नाही. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा तलावाच्या पात्रात हरभरा उभा होता आणि बांधावरून एकामागे एक चालत आम्ही इमारतीपर्यंत पोचलो. ज्यांना ठिकाण ‘विकसित’ झालेले हवे असते त्यांची येथे निराशा होते.

वेळ शिल्लक असला तर वाट थोडी वाकडी करून रिद्धपूरला जातो. गोविंदप्रभू आणि महानुभाव पंथाचे हे गाव तेराव्या शतकातल्या मराठी गद्याचे जन्मस्थान आहे. मराठी भाषेचे विद्यापीठही आता तेथेच सुरू झाले आहे.

गाविलगड चढावा लागतो का?

चढावा लागत नाही, कारण चिखलदरा स्वतःच डोंगरमाथ्यावर आहे आणि गड गावापासून अगदी जवळ आहे. मात्र आत गेल्यावर बरेच चालावे लागते, पायवाटा दगडगोट्यांच्या आहेत आणि गवत कंबरेपर्यंत वाढलेले असते.

हा गड बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५मध्ये बांधला आणि पुढे फतहुल्लाने त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाजावरचे गंडभेरुंडाचे, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचे, शिल्प जरूर थांबून पाहावे. फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लढाईत पकडला गेलेला हिंदू मुलगा होता, असे फिरिश्ता हा जुना फारसी इतिहासकार लिहितो. आणि गंडभेरुंड ही दक्षिणेची ओळख. त्यामुळे सुलतानाने आपल्या वेशीवर आपले बालपण कोरून ठेवले की काय, असा तर्क करण्याचा मोह होतो. तो तर्कच आहे, पण तेथे उभे राहिल्यावर तो मनातून जात नाही.

नागपूरकरांसाठी या गडाची आणखी एक आठवण कडू आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड भोसल्यांकडून जिंकला आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींना वऱ्हाडचा मोठा भाग आणि कटक सोडावे लागले. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेऊन भिंतीला खिंडार पाडण्यात आले. ती बाजू गडावर उभे राहून पाहिली की हल्ला तेथूनच का झाला हे आपोआप समजते.

बुऱ्हाणपूरला दोन मुक्काम कशासाठी?

खरे तर दोनही कमीच पडतात. नागपूर आणि औरंगाबाद, अर्थात आताचे छत्रपती संभाजीनगर, यांच्यापेक्षाही कितीतरी जुने असे हे तापीकाठचे शहर फारुकी घराण्यातल्या नासीरखानाने १४००च्या आसपास वसवले. खुलताबादला चिरनिद्रा घेत असलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव शहराला दिले आणि नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावावरून जैनाबाद म्हटले. अकबराने १६०१मध्ये असीरगड घेतल्यावर फारुकी संपले आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. दक्षिणेत येणारा प्रत्येक शहाजादा, सुभेदार, व्यापारी आणि वकील येथून गेला. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हाही १६१५मध्ये येथेच शहाजादा परवेजला भेटला. संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १६८१च्या जानेवारीत, मराठ्यांनी बहादूरपूरसारख्या शहराबाहेरच्या श्रीमंत पुऱ्यांवर घातलेला छापा आपण इतिहासात वाचलेला असतो. ते बहादूरपूर आजही नकाशावर आहे.

नागपूरकरांना येथे परके वाटत नाही. शनवारा, इतवारा ही वेशींची नावे वाचली की शनिवारी, इतवारी, बुधवारी अशा पेठांतून वाढलेल्या माणसाला हसू येते. गल्लीगल्लीतून पॉवरलूमचा खडखडाट ऐकू येतो. सतराव्या शतकात येथल्या झिरझिरीत मलमलीचे कौतुक करणाऱ्या फ्रेंच प्रवाशाचे, ताव्हेर्नियेचे, वर्णन सांगायला तो खडखडाट चांगली पार्श्वभूमी ठरतो, फक्त मोठ्याने बोलावे लागते. मराठी सगळीकडे समजते.

सकाळी सर्वांत आधी जामा मशीद. ती १५८९मध्ये राजा अलीखान फारुकीच्या काळात पूर्ण झाली आणि तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यात शक आणि संवत दोन्ही कालगणना दिल्या आहेत. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने चष्मा कपाळावर चढवून, भिंतीला जवळजवळ नाक लावून, त्यातली देवनागरी अक्षरे एकेक करून वाचायला सुरुवात केली. तेथील एक वृद्ध गृहस्थ काही न बोलता पितळी कंदील धरावा तसा आपला मोबाइलचा दिवा धरून त्यांच्याशेजारी उभे राहिले. दोघांची ती वीस मिनिटे आमच्या कोणत्याही मार्गदर्शकाच्या भाषणापेक्षा अधिक बोलकी होती.

त्यानंतर तापीकाठचा शाही किल्ला. त्यातल्या हमामखान्याच्या छतावरची रंगवलेली नक्षी अजून टिकून आहे. मुमताज महल हिचे १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात याच शहरात निधन झाले. तिचे शव आधी नदीपलीकडे आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरले होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्याला नेण्यात आले. ताजमहाल मुळात येथेच होणार होता, असे प्रत्येक रिक्षावाला आपल्याला सांगेल. ऐकून घ्यावे, वाद घालू नये आणि लिहून ठेवू नये. आहूखाना आज पडझड झालेला आणि शांत आहे.

दुपारी अब्दुल रहीम खानखानाच्या मुलाची, शाहनवाजखानाची, काळ्या दगडाची कबर आणि शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेची खरबुजाच्या आकाराची छोटी कबर पाहतो. दुसरीच्या आतल्या भिंतींवरचे रंगकाम पाहण्यासाठी बॅटरी सोबत ठेवावी. त्यांना हात लावू नये. मिर्झाराजे जयसिंग यांचाही मृत्यू १६६७मध्ये बुऱ्हाणपुरातच झाला. त्यांची छत्री शहराबाहेर नदीसंगमावर आहे आणि संध्याकाळचा शेवटचा थांबा तोच असतो. पुरंदरचा तह ज्याने घडवला, त्याचा शेवट असा दूरच्या नदीकाठी झाला हे बहुतेकांना माहीत नसते. बस त्या दिवशी परतताना बरीच शांत असते.

कुंडी भंडाऱ्यात खाली उतरता येते का? भीती वाटत नाही ना?

लिफ्ट चालू असेल तर उतरता येते आणि थोडी भीती वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने बुऱ्हाणपूर शहरापर्यंत केवळ उताराच्या जोरावर आणण्याची ही व्यवस्था खानखानाच्या सुभेदारीत, १६१५मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने उभी केली. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या खोदल्या आहेत. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो आणि सफाईही करता येते. अशा शंभरहून अधिक कुंड्यांची रांग शेतांमधून जाताना वरून दिसते. एका कुंडीतून छोट्या पिंजऱ्यासारख्या लिफ्टने खाली गेले की गुडघ्याच्या आसपास थंड, वाहते, नितळ पाणी लागते आणि भिंतींवर शेकडो वर्षांत साचलेल्या चुन्याचा पांढरा थर चमकताना दिसतो. बोट लावले तर तो खडबडीत आणि ओलसर लागतो. लिफ्टमध्ये एका वेळी मोजकीच माणसे जातात, त्यामुळे गट मोठा असल्यास दीड-दोन तास लागतात. बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी वर थांबावे, त्यात कमीपणा मानू नये. २०२४मध्ये या जागेचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे.

असीरगड चौथ्या दिवशी का? तोपर्यंत सगळे थकलेले असतात.

ही तक्रार रास्त आहे. परंतु शहर पाहिल्यानंतरच किल्ल्याचे महत्त्व कळते, असा आमचा अनुभव आहे. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुडा ओलांडणाऱ्या वाटेवर हा किल्ला बसला आहे, म्हणूनच त्याला दक्षिणेचे दार म्हणत. मलयगड, कमरगड आणि असीरगड असे त्याचे एकावर एक तीन भाग आहेत. अकबराला तो जिंकायला अनेक महिने लागले. गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा आजही पहाटे फुले वाहून जातो, अशी श्रद्धा आहे. आम्ही सकाळी आठच्या सुमारास पोचतो, तोवर तो निघून गेलेला असतो. ज्यांना चालवत नसेल त्यांना खालीच बसून राहण्याची सोय आहे. त्यांच्यासाठी आम्ही चहा आणि एक गप्पिष्ट कार्यकर्ता ठेवतो.

बस कशी असते आणि जागा कोण ठरवते?

पस्तीस आसनांची पुशबॅक बस असते आणि आम्ही तीसपेक्षा जास्त माणसे घेत नाही. अरुंद रस्त्यांवर मोठी बस वळवताना चालकाची आणि गावकऱ्यांची जी दमछाक होते ती एकदा पाहिल्यानंतर मोठ्या बसचा मोह आम्ही सोडला. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असल्यामुळे बसला परराज्यात जाण्याचा पर्यटन परवाना आहे, याची खात्री आधीच करून घेतली जाते. पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी आणि ज्यांना घाटात मळमळते त्यांच्यासाठी राखीव असतात, बाकीच्या जागा रोज बदलतात. खिडकीच्या जागेवरून झालेले वाद सोडवण्याचा अन्य मार्ग आम्हाला सापडलेला नाही.

कोणत्या महिन्यांत यावे?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. चंद्रपूरचा उन्हाळा विदर्भातल्या माणसालाही सोसत नाही आणि उघड्या तटावर सावली नसते. शिवाय चैत्रात महाकालीच्या यात्रेमुळे चंद्रपुरात राहण्याची सोय मिळणे कठीण होते. डिसेंबरात चिखलदऱ्याला चांगलीच थंडी पडते. नागपूरच्या स्वेटरवर तेथे एक शाल वाढवावी.

किती चालावे लागते? गुडघेदुखी असल्यास जमेल का?

दिवसाकाठी चार-पाच किलोमीटर, तेही थांबत-थांबत. गाविलगड आणि असीरगड वगळता सर्वत्र सपाट आहे. काठी, जुने वापरातले बूट आणि नेहमीची औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत, डिक्कीतल्या बॅगेत नव्हे.

लहान मुलांना आणावे का?

दहा वर्षांवरील मुलांना आनंद होतो. त्याहून लहान मुले बसमध्ये कंटाळतात आणि कुंडी भंडाऱ्यावर त्यांच्यावर सतत नजर ठेवावी लागते, कारण कुंड्यांची तोंडे उघडी असतात. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, म्हणून वयाचा पुरावा सोबत असू द्यावा.

जेवणाचे काय? सावजी मिळेल का?

नाही. चारही दिवस साधे शाकाहारी जेवण असते, मात्र न्याहारीला पहिल्या दिवशी नागपूरची सांबारवडी सोबत घेतो. बुऱ्हाणपुरात मावा जिलेबी आणि दराबा यांसाठी अर्धा तास वेगळा दिला जातो. तो अर्धा तास नेहमी पाऊण तास होतो. त्या संध्याकाळी मांसाहार करू इच्छिणाऱ्यांनी स्वखर्चाने शहरात जेवावे. येथल्या खानावळी उत्तम आहेत.

मशीद, दर्गा आणि मंदिरात जाताना काही नियम आहेत का?

ही सगळी चालती प्रार्थनास्थळे आहेत, ‘पॉइंट’ नव्हेत. गुडघे व खांदे झाकलेले असावेत, डोके झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवावी आणि नमाजाच्या किंवा आरतीच्या वेळी फोटो काढू नयेत. कोणी अडवले तर आमच्या कार्यकर्त्याला बोलवावे, स्वतः हुज्जत घालू नये. ड्रोन आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. ड्रोन घरीच ठेवावा हे उत्तम.

हीच सहल स्वतःच्या गाडीने करता येईल का?

अवश्य. मार्ग वर दिलाच आहे. फक्त मेळघाट दिवसा पार करावा, धारणीपूर्वी पेट्रोल भरून घ्यावे आणि बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरात गाडी न नेता शनवारा दरवाजाजवळ ठेवून पुढे रिक्षा करावी. चंद्रपूरला तर एसटीनेही जाता येते. तुम्ही आमच्याबरोबर आला नाहीत तरी बीरशाहाची समाधी पाहून आलात, तर आम्हाला ते पुरेसे आहे.

परतीला नागपुरात किती वाजता पोचतो?

असीरगडहून नागपूर चारशे किलोमीटरहून जास्त आहे, त्यामुळे रात्री अकराच्या आत पोचत नाही. बस वाडी, रविनगर, सीताबर्डी आणि शेवटी गणेशपेठ येथे थांबते. इतक्या रात्री एकट्याने घरी जाणे सोयीचे नसेल त्यांनी नोंदणी करतानाच कळवावे, म्हणजे त्याच दिशेला राहणाऱ्या सहप्रवाशांबरोबर त्यांची गाडी आधीच ठरवता येते.